शालिग्रामची हळू बोलण्याची तालीम

गोडादऱ्याच्या लूम कारखान्यात अर्धं आयुष्य गेलेल्या शालिग्रामला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. यंत्रांच्या खडखडाटात माणसं ओरडूनच बोलतात. हा घरी येऊनही तसाच ओरडायचा. त्यानं "जेवाले वाढ" म्हटलं की खालच्या मजल्यावरची बाई आपल्या नवऱ्याचं ताट वाढायची.

त्याची बायको सरस्वती अगदी उलट. साड्यांवर खडे चिकटवताना श्वासही बेतानं घ्यायची सवय, त्यामुळे बोलणं पुटपुटल्यासारखं. तिची निम्मी उत्तरं त्याच्यापर्यंत पोचलीच नाहीत. एका संध्याकाळी ती म्हणाली, "मले आता मोकळं करा." शालिग्राम खाली उतरला आणि डझनभर केळी घेऊन आला. सरस्वतीनं त्यातलं एक खाल्लं, बॅग भरली आणि पर्वत पाटिया भागात बहिणीकडे गेली.

काय झालं ते बहिणीनं त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे त्याला कळलं. तो वाट पाहत राहिला. वर्ष उलटलं. भांडण नव्हतं, मूलबाळ नव्हतं, पण सरस्वतीला परत यायचं नव्हतं. शेवटी त्यानं घटस्फोटाला मान डोलावली.

"राजीखुशीचा मामला आहे," वकील भूपेंद्रभाई म्हणाले. "जजबाई विचारतील, मर्जीनं का? हो म्हणायचं, बस."

पहिल्या तारखेला जजबाईंनी गुजरातीत विचारलं, "तमारी मरजीथी छूटा पडो छो?"

"हो साहेब! मर्जीनं!" शालिग्राम बोलला. टायपिस्टचे हात थांबले. दारातला शिपाई धावत आत आला.

जजबाईंनी सरस्वतीला जवळ बोलावलं. "बेन, हा माणूस तुम्हाला धमकावतो का?"

"नाही जी," ती पुटपुटली. "हे तर त्यायचं लाडाचं बोलनं हाये."

ते टायपिस्टला ऐकूच आलं नाही. सरस्वतीला तेच पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, आणि दर वेळी ती जास्तच लाजली. जबाब कसाबसा नोंदला गेला. पुढची तारीख सहा महिन्यांनी पडली.

"आवाज कमी करा," भूपेंद्रभाईंनी बाहेर येताच हात जोडले. "नाहीतर पुढच्या वेळी पोलीस बोलावतील."

शालिग्रामनं मनावर घेतलं. शेजारच्या खोलीतला उखा त्याचा मास्तर झाला. रोज जेवण झालं की दोघं समोरासमोर बसायचे. शालिग्राम "माझी मर्जी हाये" म्हणायचा आणि उखा हात खाली खाली नेत राहायचा. हळूहळू आवाज इतका उतरला की उखाला ओठ पाहून समजून घ्यावं लागे.

दुसऱ्या तारखेला जजबाईंनी तोच प्रश्न विचारला. शालिग्रामनं पाठ केल्याप्रमाणे उत्तर दिलं.

"काय म्हणालात?"

त्यानं पुन्हा ओठ हलवले.

जजबाईंनी चष्मा काढला. "भाई, मनात नसेल तर नका करू. अजून वेळ आहे."

शालिग्राम घाबरला. घाबरल्यावर होता नव्हता तो आवाजही गेला. भूपेंद्रभाईंनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात मागून कुणीतरी गरजलं, "अहो, मोठ्यानं बोला ना! आज का मुके झालात?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. सरस्वती उभी होती, तोंडावर पदर धरून. इतका आवाज आपल्यात आहे, याचं सगळ्यात जास्त नवल तिलाच वाटत होतं. शालिग्रामला तिचा शब्द न् शब्द ऐकू आला होता.

"मर्जी हाये साहेब!" तो म्हणाला. या वेळी शिपाई जागचा हलला नाही.

घटस्फोट मंजूर झाला. बाहेर शालिग्रामनं चहाचं विचारलं. "साड्या आज द्यायच्या हायेत," ती म्हणाली. रिक्षात बसताना वाकून ओरडली, "कान दाखवून घ्या डॉक्टरले!"

त्यानं कान दाखवले, यंत्र बसवलं आणि भाकरी तव्यावर टाकून तिला फोन लावला.

"बसवलं का?" तिकडून ती किंचाळली.

"हळू बोल, ऐकू येते मले."

ती हसली. तिच्या हसण्याला असा आवाज आहे हे त्याला आजवर माहीत नव्हतं. तो ऐकत राहिला आणि तव्यावरची भाकरी करपली. ती गोलही झाली नव्हती.