साहेबांच्या अंगावर कूलरचं कव्हर

"हे शिलाई मशीन आज भंगारात जाईन म्हंजे जाईनच!"

"जाऊ द्या न. आंधी तुमी त्या स्टुलावरून उठा."

"काहून?"

"तो बी माह्याच हातचा हाय. तेलाचा पिपा, वर जुन्या गादीचा कापूस, भोवती साडीची झालर. तुमाले माह्या हातचं काईच नोको न? मंग उभ्यानं भांडा."

किसनराव ताडकन उठले. उठल्यावर पायाखाली पाहिलं, तर पायपुसणं. तेही विमलताईंनीच विणलेलं. ते पायपुसण्यावरून फरशीवर आले. तत्त्वाचा प्रश्न होता.

दारात नौशाद भंगारवाला काटा घेऊन उभा होता. त्याला किसनरावांनी सकाळी सकाळी फोन करून बोलावलं होतं. नवराबायकोच्या मधात पडायचं नसतं एवढी अक्कल त्याला होती, आणि तमाशा सोडून जाऊ नये एवढी हौसही.

दिग्रसमधल्या या घरात वस्तू मरत नाही. तिला पुढचा जन्म मिळतो आणि तो बहुतेक पिशवीचा असतो. किसनरावांची पँट गुडघ्यात विरली की विमलताई तिचे पाय कापतात, खालून शिवतात, वर नाड्याचा बंद लावतात. झाली बाजाराची थैली. मागचा खिसा बाहेरून तसाच ठेवतात, चष्म्यासाठी. साडी फाटली की तिच्या पट्ट्या, पट्ट्यांची वेणी, वेणीची गोल चकली, चकलीला टाके, की पायपुसणं तयार. लग्नपत्रिकांची त्या पाकिटं करतात आणि आहेराला वापरतात. एकदा एका बाईला बारशाच्या आहेरात तिच्याच लग्नाच्या पत्रिकेचं पाकीट गेलं. बाई रडली. विमलताईंच्या मते आनंदानं.

किसनराव मात्र वस्तूंच्या नाही, पदांच्या बाबतीत काटकसरी. एकही पद त्यांनी टाकून दिलं नाही. सोसायटीचे माजी उपाध्यक्ष, मंडळाचे माजी सल्लागार, व्यायामशाळेचे आधारस्तंभ. स्तंभ माजी होत नाही, म्हणून तेवढं चालू होतं. प्रत्येक पदामागे सत्कार, प्रत्येक सत्कारामागे शाल आणि नारळ. नारळाचं सोपं असतं, तो दुसऱ्या दिवशी चटणीत जातो. शालीला चटणीत जाता येत नाही. ती पुठ्ठ्यासकट, प्लास्टिकसकट कपाटात जाते आणि पुढच्या सत्काराला दुसऱ्याच्या खांद्यावर. मधात ती कोणी उघडत नाही. इकडची रीतच तशी. शाल उघडून पाहायची म्हणजे देणाऱ्यावर शंका घ्यायची.

उन्हाळा सरला तेव्हा किसनरावच म्हणाले होते, "कूलरले काईतरी झाकण कर वं, धूळ बसून राह्यली." विमलताईंनी दोन शाली जोडल्या. खालून इलॅस्टिक घातलं, पाण्याच्या पाइपासाठी गोल भोक ठेवलं, भोकाला लाल गोट लावली. इस्त्री केली, घडी घातली. आणि पुठ्ठा-प्लास्टिक तरी फेकायचं कशाला, म्हणून घडी त्यातच सरकवून कपाटात ठेवली.

रविवारी व्यायामशाळेच्या नव्या हॉलचं उद्घाटन होतं. यवतमाळहून साहेब येणार नव्हते, ते आले. बाजार समितीच्या पॅनलमध्ये कोणाचं नाव लागायचं हे साहेब ठरवणार होते, त्यामुळे किसनरावांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि हातात शाल एक कमी पडली. ते स्वतः गाडी हाणत घरी आले. कपाट उघडलं. साहेबांना साधी शाल कशी द्यायची? त्यांनी पाकिटं दाबून दाबून पाहिली आणि सगळ्यांत जाड ते उचललं.

मंचावर घडी उलगडली. शाल साहेबांच्या खांद्यावर टेकली आणि इलॅस्टिकनं चारी बाजूंनी साहेबांना जवळ घेतलं. किसनरावांना वाटलं, घडी राहिली असेल. त्यांनी जोर लावून ओढली. भोकातून साहेबांचा कोपर बाहेर आला. लाल गोट कोपराला शोभत होती, हे विमलताईंनी मागाहून व्हिडिओत पाहून कबूल केलं.

पॅनल जाहीर झालं. किसनरावांचं नाव सोडून सगळी नावं होती.

"माही इज्जत गेली!" किसनराव म्हणाले. "साऱ्या गावाच्या मोबाइलात फिरून राह्यली."

"इज्जत तुमची गेली, कव्हर माहं गेलं. साहेबानं नेलं न घरी. वापस मांगतलं काय तुमी?"

"नौशाद! काटा लाव. मशीन, पिपे, चिंध्या, सारं तोल."

"काका," नौशाद खाकरला, "पिपे तं मीच काकीले आणून देल्ले. बदल्यात पायपुसणे नेले. आता सारं तोलून नेलं तं माही बायको फरहाना मले घरात नाई घेणार. तिले काकीपाशी पिशव्या शिकाले यायचं हाय."

"तू बी फितूर?"

"मी भंगारवाला हावो, काका. मले भंगार कोनतं ते समजते. हे नाई हाय."

विमलताईंनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. आवाज खाली आला, म्हणजे आता खरं बोलणं सुरू झालं. "हे पाहा. घर तुमच्या नावाचं, वावर तुमच्या नावाचं, कपाटातल्या शाली बी तुमच्या नावाच्या. लग्नात माह्यासंगं आली ते ही एक मशीन. ही गेली तं मी या घरात सयपाक करणारी राह्यतो, बस."

"शालीईले हात लावाले कोनं सांगतलं व्हतं?"

"थंडीत काय पांघरता तुमी?"

"गोधडी."

"कायची हाय ते?"

किसनराव आत गेले. गोधडीचं एक टोक उलटून पाहिलं. आतल्या बाजूला सोसायटीचा सत्कार होता, त्याला लागून मंडळाचा, कोपऱ्यात व्यायामशाळेचा. तीन हिवाळे ते स्वतःच्या कर्तृत्वाखाली घोरत होते.

त्यांनी कपाट उघडलं. एक पाकीट फाडलं. उशीचा अभ्रा. दुसरं फाडलं. मशीनचं झाकण. तिसऱ्यात नुसता पुठ्ठा, त्याला गुंडाळलेली जुनी ओढणी.

"म्हंजे..." किसनराव पलंगावर बसले. "म्हंजे गुरुजीच्या निरोपसमारंभात म्या जे शाल देल्ली..."

"मिक्सरचं कव्हर व्हतं ते."

"अन् गुरुजी?"

"गुरुजी काय म्हणतीन? त्याइच्या बायकोचा फोन आलता. म्हने, विमलताई, बराब्बर बसलं. अजून एक कुकरले भेटन काय?"

नौशादनं तोंडावर रुमाल धरला.

"मले नाई सांगतलं कोनी?"

"तुमी कोनती शाल उघडून पाह्यली आजवर? घेतानी पाह्यली नाई, देतानी पाह्यली नाई. इतक्या वर्सात एक तरी अंगावर घेतली काय? म्या वापरल्या, म्हनून तं त्या कामी आल्या." विमलताईंनी पदर खोचला. "आता नौशादले उशीर होते. एकदाचं सांगा. मशीन देऊ का ठेवू?"

नौशादनं काटा वर धरला. काट्याचं रिकामं पारडं हललं आणि थांबलं.

किसनरावांनी मशीनकडे पाहिलं, दारातल्या काट्याकडे पाहिलं. मग खुंटीवरची थैली काढली, त्यांच्याच निळ्या पँटची. मागच्या खिशात चष्मा आहे की नाही ते चाचपलं, थैली खांद्याला अडकवली, पायपुसण्यावर पाय ठेवून चपला घातल्या आणि काट्याखालून वाकून बाजाराकडे चालू लागले.