मागे बसणारीचं हेल्मेट

चेन्नईतल्या आमच्या मैलापूरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक जण राहतो. रोज सकाळी ऑफिसला निघताना आपल्या हेल्मेटची काच मऊ फडक्यानं पुसतो, देवाचा टाक पुसावा तशी! मग हनुवटीखाली पट्टा लावून डोकं दोनदा हलवून बघतो. मागे बसणाऱ्या बायकोला मात्र त्याचं जुनं, आतला स्पंज पार बसलेलं हेल्मेट. तिच्या डोक्यावर ते गरगर फिरतं. बक्कल तुटलंय, म्हणून बिचारी पट्ट्याला सेफ्टी पिन लावते.

तिलाही नवं घे, असं मी त्याला कितीदा सांगितलं. "अय्यो मामी, ती मागेच तर बसते!" हे त्याचं ठरलेलं उत्तर, तेही हसत. इथे वयानं मोठ्या शेजारणीला मामीच म्हणतात. जसं काय मागचं माणूस पडतच नाही!

काल माझं डोकं सणकलं. तिच्या हातातलं हेल्मेट घेऊन त्याच्यापुढे धरलं. "आज तू घाल हे."

त्यानं घातलं, सवयीनं डोकं हलवलं. ते डोळ्यांवर आलं तसं घाईघाईनं काढलं. "छे मामी, हे घालून रस्त्यावर कसं जायचं? जीव जाईल!"

आणि तेच परत बायकोच्या हातात दिलं. ती पिन शोधू लागली. यानं आपला पट्टा खट्टकन बसल्याची खात्री केली, मगच गाडी सुरू केली.