आत्याचं वाक्य

टीव्हीसाठी विनोदी प्रहसनं लिहायला लागले, तेव्हा माझ्या डोक्यात पहिली आली ती माझी आत्या. ती वसईजवळ होळी नावाच्या ठिकाणी रोजच्या बाजारात भाजी विकते. एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं, "पालेभाजी ताजीच आहे ना?" आत्या म्हणाली, "रातभर माझ्या उशाला झोपली व्हती, इचार तिलाच." आजूबाजूच्या बायका हसून हसून बेजार झाल्या. ते वाक्य मी जसंच्या तसं प्रहसनात घातलं. त्यातली भाजीवाली सगळ्यांना पुरून उरणारी होती.

तालमीला गेले तर एका पुरुष नटाला साडी नेसवून, पोटाला उशी बांधून उभं केलेलं. आत्याचं वाक्य कापलेलं. त्या जागी तो नुसता "पानी, पानी" करत मंचभर धावत होता.

मी दिग्दर्शकाला म्हटलं, "विनोद ती करते. तुम्ही तिच्यावरच करताय."

"मॅडम, वाक्य लांब पडतं. 'पानी' म्हटलं की लगेच लाफ्टर येतो."

"आमच्या घरात पानीच म्हणतात."

"तुम्ही उगाच पर्सनल घेताय," तो म्हणाला आणि चहा मागवायला वळला.

भाग लागला त्या दिवशी आत्याने शेजारपाजार गोळा केला होता. भाचीने लिहिलंय ना! हशा कमी पडेल म्हणून वरून आणखी हशा चिकटवला होता. आत्या शेवटपर्यंत बसली. मग मला एवढंच विचारलं, "मी अशी दिसते?"

पुढे बाजारात पोरंसोरं तिला "मावशी, पानी" म्हणून चिडवू लागली. ती गिऱ्हाइकांशी जपून, 'ण'वर जोर देऊन बोलायला लागली. टोमणे बंद, गंमत बंद. भाव सांगायचा, भाजी द्यायची, संपलं.

मी निर्मात्याकडे गेले. ते पात्र बंद करा म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "पात्र आता आमचं आहे. तुम्हाला लिहायचं नसेल तर दुसरं कोणीतरी लिहील." आणि लिहिलंच कोणीतरी. नट त्याच पात्रावर अजून गावोगावचे कार्यक्रम करतो.

मी ते काम सोडलं. परवा चंदनसारला आमच्या सोसायटीच्या पूजेत, मी टीव्हीसाठी लिहायचे हे कळल्यावर एक बाई कौतुकाने म्हणाल्या, "काय हसवता हो तुम्ही लोक." हातातला प्रसादाचा द्रोण मी खाली ठेवला. मी त्यांना बाजूला बसवलं आणि आत्या खरी कशी बोलायची ते सगळं ऐकवलं. त्या अवघडल्या. अवघडू देत.