खड्ड्यातलं गाजर गवत

बाळांनो, आजी फोनवर नेहमी खिडकीआडच का दिसते, असं तुम्ही विचारलंत. कारण गाजर गवत. पानं गाजरासारखी, फुलं बारीक, पांढरी. त्याची धूळ अंगाला लागली की माझे डोळे सुजतात, मान आणि हात सोलून निघतात. घरामागेच हळदीचं शेत आहे, पण तीन पावसाळे ते मी काचेतूनच पाहते आहे. तुमचा बाबा म्हणतो, घर सोडून शहरात ये. मला निदान बांधापर्यंत तरी चालत जायचं होतं.

हे गवत रस्त्यावरून येतं, अशी माझी खात्री होती. तशी तीन पत्रं मी ग्रामपंचायतीला सुवाच्य अक्षरात लिहिली होती.

श्रावणात कृषी महाविद्यालयातली एक मुलगी आली. सेनगावपासून वसमतपर्यंत ती या गवताची पानं गोळा करत होती. त्याचं मूळ घर मेक्सिकोच्या आखाताकडे, आणि पानाच्या तपासणीतून कोणतं रोप कोणाच्या नात्यातलं ते कळतं, असं तिने सांगितलं. रस्ता, बांध, शेत, खताचा खड्डा, सगळीकडची पानं मी तिला घेऊ दिली. मला पुरावा हवा होता.

दिवाळीनंतर तिचा फोन आला.

"आजी, रस्त्यावरची रोपं वेगवेगळ्या कुळांतली आहेत. पण तुमच्या बांधावरची, हळदीतली आणि खड्ड्याजवळची एकमेकांच्या अगदी जवळची. उपटलेलं कुठे टाकता?"

"खड्ड्यात."

"फुलांसकट?"

आमच्याकडे अंगणातली काडीही रस्त्यावर टाकत नाहीत. सगळं खड्ड्यात, आणि अक्षय तृतीयेआधी ते खत गाडीने शेतात. माझ्या या शिस्तीत कधी खंड पडला नाही.

शेतात काम करणारी तांड्यावरची बाई हे ऐकून पोट धरून हसली. "काकू, आमी उपटून राहिलो अन् तुमी पेरून राहिल्या!" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता काहून तोंड पाडता वो? मीच तर टोपल्या वाहिल्या."

बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं म्हणे. किती वर्षं, ते मी त्या मुलीला विचारलं नाही. यंदा खत शेतात गेलं नाही. फूल येण्याआधीच उपटायचं, असं ठरलं आहे.

परवा त्या बाईने एक रोप काचेपाशी धरलं. "कळी न्हाई, बघा."

मी नीट पाहिलं आणि मान हलवली. खिडकीची कडी मात्र काढली नाही.