आग्रहात गेलेला ताडमाड

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा. मागे हीच फजिती सांगितली तेव्हा आमच्या शेजारणीने चहा साडीवर सांडून घेतला होता!

आमची सून सुरभी. माहेर धारचं, सासर देवासचं. इथल्याच एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि बास्केटबॉलची भारी वेडी. तिचे वडील, म्हणजे आमचे व्याही भाऊसाहेब, धारला खेळाचे शिक्षक होते. त्यांनीच तिला शिकवलं, पण लेक म्हणून सवलत देऊन कधी जिंकू दिलं नाही. "आई, बाबांना एकदा तरी हरवायचंय," हे सुनेचं लग्नानंतरचं पहिलं मागणं. साडी नाही, दागिना नाही!

आता हरवणार कसं? तर ही बापलेक आणि तिच्या ऑफिसातली काही मंडळी घरबसल्या फॅन्टसी बास्केटबॉल खेळतात. खेळाडू खरे, तिकडे अमेरिकेत खेळणारे. आपण त्यांच्यातून आपापली टीम करायची. ते तिकडे चांगले खेळले की इकडे गुण आपल्याला. खेळाडू वाटून घ्यायचा दिवस म्हणजे ड्राफ्ट. एकाने घेतला तो दुसऱ्याला नाही. आणि जो हरेल त्याने सगळ्यांना दालबाफले खाऊ घालायचे.

खरं सांगते, बोर्डाच्या परीक्षेलाही कोणी इतकी तयारी करत नसेल. पोरगी पहाटे उठून, ऑफिसच्या आधी सामने बघायची. कोणाचा घोटा दुखावलाय, कोण टीम बदलून गेला, कोण आता थकत चाललाय, सगळं तोंडपाठ! मी बारावी शिकलेली बाई, तिच्याकडे बघतच राहायची. चहा घेऊन शेजारी बसता बसता मलाही गोडी लागली. ती परदेशी नावं जिभेवर बसेनात, म्हणून मी आपली नावं ठेवली. सगळ्यांत भारी तो ताडमाड. त्याच्या खालोखाल डावखुरा. मग सगळ्यांच्या तोंडी तीच नावं झाली.

मटार सोलताना ती माझी परीक्षा घ्यायची.

"आई, पहिला कोण?"

"ताडमाड!"

"तो गेला तर?"

"डावखुरा! पण जाईल कशाला?"

ड्राफ्ट आमच्याकडे ठरला. चिठ्ठ्या टाकल्या तर पहिला मान सुरभीचा! आम्ही दोघी फुगडी घालायच्या बाकी होतो. तेवढ्यात तिला कारखान्यातून फोन. मशीन बंद पडलं होतं.

"आई, तुम्ही बसा माझ्या जागी. फक्त 'ताडमाड' म्हणायचं."

"अगं, पण मी…"

"तुमची तयारी माझ्याइतकीच पक्की आहे," म्हणाली आणि गेली. माझा ऊर भरून आला.

तिच्या ऑफिसातल्या गोलूने मोबाइलवर घड्याळ लावलं. "चलो आंटी, शुरू करो. दीड मिनट है."

मी तोंड उघडलं. समोर भाऊसाहेब, हातात पोह्यांची बशी. अगदी अदबीने म्हणाले, "घ्या विहीणबाई, पहिला मान तुमचा."

झालं! व्याही माझ्या घरी आलेत, आणि मी त्यांच्या आधी घेऊ? आमच्याकडे पाहुण्याच्या आधी कोणी पाण्याला हात लावत नाही हो!

"छे छे, भाऊसाहेब! आधी तुम्ही घ्या."

"नको हो."

"घ्याच. माझी शपथ आहे."

"बरं, इतका आग्रह करताय तर… ताडमाड!"

मग बाकीच्यांना कसं वगळायचं? तेही पाहुणेच की!

"घे रे गोलू, संकोच कसला?"

"पक्का, आंटी?" म्हणत त्याने डावखुरा उचलला. पोहे वाटावेत तसे मी खेळाडू वाटले!

शेवटी मी उरले. गोलू म्हणाला, "आंटी, अब आपके दो. पहले राउंड में जो आखिरी, वो दूसरे में पहला."

दोन? एकदम दोन? पंगतीत माणसं बसलेली असताना आपल्याच पानात दोनदा वाढून घ्यायचं?

"मला एक पुरे. दुसरा भाऊसाहेबांना द्या, लांबून आलेत."

"अरे आंटी, ऐसा रूल नहीं है भिया!"

"विहीणबाईंचा शब्द मोडायचा म्हणजे काय?" भाऊसाहेब म्हणाले, आणि तोही घेऊन मोकळे झाले.

सुरभी परत आली. "आई, ताडमाड?"

मी पदराशी चाळा करत राहिले. भाऊसाहेबच म्हणाले, "तुझ्या सासूबाईंनी फार आग्रह केला गं."

"आई! आग्रह जिलबीचा करतात, ताडमाडचा नाही!"

मला रडूच आलं. पण ती मुलगी खाली बसून पोट धरून हसली. एका शब्दाने रागावली नाही. उरलेसुरले खेळाडू गोळा केले आणि ती लंगडी टीम शेवटपर्यंत जिद्दीने चालवली. आलो शेवटीच. दालबाफले मी केले, भाऊसाहेब पोटभर जेवून गेले.

पण नियम असा, की जो शेवटी, त्याला पुढच्या वर्षी पहिला मान. यंदा ड्राफ्ट होता धारला. सुरभीने टीम चक्क माझ्या नावावर केली!

"आता नियमाने तुम्हीच बोलायचं."

"वेडी का गं तू?"

"तिथे आपण पाहुणे, आई. पाहुण्याने आधीच घ्यायचं असतं."

काय डोकं आहे पोरीचं! देवास ते धार मी एकच घोकत होते, 'आधी मी घेणार! दोन मिळाले तर दोन्ही घेणार!'

बैठकीत सगळे जमले. गोलू घड्याळ लावत होता. इतक्यात माझ्या पाठीमागून विहीणबाईंचा, म्हणजे सुरभीच्या आईचा आवाज आला, "कोण घेतंय आधी?"

मी ताडकन उठले. "आधी मी! आणि दोन घेणार!"

वळून बघते तो त्यांच्या हातात गरम जिलब्यांचं ताट.

विहीणबाईंनी माझ्या बशीत दोन जिलब्या वाढल्या. लाजेने काही सुचेना, मी दोन्ही एकदम तोंडात कोंबल्या.

"आंटी, आपका टाइम शुरू!"

"बोला आई, बोला!" सुरभी ओरडतेय, पाक हनुवटीवर ओघळतोय, आणि माझ्या तोंडातून नुसतं "ता… म्म… ता…" घास खाली उतरेपर्यंत घड्याळ वाजलं आणि पाळी पुढच्याकडे गेली. माझ्या पुढे कोण बसलं होतं, ते सांगायला हवं का?

"ताडमाड," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. "घ्या विहीणबाई, आणखी दोन घ्या."