ग्रीनहॉर्नच्या हातचा चहा

गाळणी माझ्या हातात होती. इंग्रजीच्या सरांनी ती हसत हसत काढून घेतली आणि शिक्षकांच्या खोलीत साऱ्यायले ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "राहू द्या हो. यू आर अ ग्रीनहॉर्न." सारे हसले. मीही हसली. शब्द माहीत नव्हता, तरी हसली. त्या हसण्याची मले आजही शिसारी येते.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. देवळीची शाळा. मी बी.एड. करून नुकतीच लागलेली, बौद्ध वस्तीतून त्या शाळेत आलेली पहिली बाई. तिथं रीत होती. सगळ्यात नवीन माणसानं मधल्या सुट्टीत स्टोव्ह पेटवून साऱ्यांचा चहा करायचा, दुसरा नवीन येईपर्यंत. माझ्या आधी लागलेले चित्रकलेचे सर वर्षभर करून राह्यले होते. मी आली तरी त्यांची सुटका झाली नाई.

रविवारी वर्ध्याले गेली. वाचनालयात जाडा शब्दकोश उघडला. ग्रीन म्हणजे इथं हिरवं नाई, कोवळं. हॉर्न म्हणजे शिंग. आधी हा शब्द नुकती शिंगं फुटलेल्या गोऱ्ह्यासाठी होता. मंग फौजेत नव्यानं भरती झालेल्या शिपायासाठी. मंग कोणत्याही नवशिक्यासाठी. मले बरं वाटलं, खोटं काऊन सांगू? शिंग काही जन्मभर कोवळं राहत नाई, म्हटलं. सर मोठे माणूस, मले सांभाळून घेऊन राह्यले. एवढी भोळी होती मी! वर्षभर मान खाली घालून शिकवलं. वर्षानंतर नोकरी कायम व्हायची होती, सर पर्यवेक्षकही होते, त्यावर शेरा त्यांचाच लागणार होता, आणि घर माझ्या पगारावर चालत होतं.

जूनमध्ये नवीन बाई आली. सिंदी मेघेची, पाटलाघरची, कॉलेजातून थेट आलेली. वर्गावर जायले घाबरत होती बिचारी. पहिल्याच दिवशी सरांनी गाळणी तिच्या हातात दिली. चहा झाला. सारे भुरके मारून राह्यले.

मी विचारलं, "सर, या ग्रीनहॉर्न नाईत का?"

बशीतून वर न पाहता ते म्हणाले, "त्यांचं वेगळं. त्या आपल्यातल्या आहेत."

वर्षभर मी त्या शब्दाचा अर्थ उराशी धरून बसली, आणि यायनं त्यात आपली घाण गुंडाळून ठेवली होती. सरळ म्हणायची लाज, म्हणून इंग्रजी. तुझ्या हातचं चालत नाई, हे मराठीत म्हटलं असतं तर तोंड विटाळलं असतं का?

दुसऱ्या दिवशी सुट्टीची घंटा व्हायच्या आधीच मी स्टोव्ह पेटवला. आलं ठेचून टाकलं. साऱ्यांपुढं कप ठेवले. कोणी हात लावला नाई. नव्या बाईचा हात पुढं आला, सरांकडं पाहून मागं गेला. चहावर साय धरली. पोराईले समतेचा धडा शिकवणारे हे हात. थू!

मी माझा कप त्यायच्या समोर बसून संपवला. बाकीचा मोरीत गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. तिसऱ्या दिवशीही.

मंग हेडमास्तरांनी बोलावलं. आवाज मोठा गोड. सरांची माफी मागून टाका, चहाचा नाद सोडा, कायम व्हायचा कागद मी काढून देतो म्हणाले. मी नाई म्हटलं. तेव्हा गोडी गेली. अनुभव कमी पडतो असा शेरा लागेल म्हणाले.

"लावा," मी म्हटलं. "पण आधी साऱ्या शिक्षकांपुढं खरं कारण मराठीत बोला. मी समोर बसून ऐकते."

त्यायनं घंटी वाजवून शिपायाले बोलावलं. मी बाहेर आली. ठरलं होतं. नोकरी गेली तर मजुरीनं वावरातलं तण निंदायले जाईन. यायच्या तोंडून ते वाक्य काढल्याशिवाय मात्र ही शाळा सोडणार नाई.