डावीकडचा बाण

माझ्या मामांकडे एक काळी विलायती मोटार होती. निजामाच्या राज्यातल्या कुणा जहागीरदाराची. राज्य गेलं, जहागीर गेली, आणि ती मोटार चार हात फिरून परभणीत मामांच्या दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन उभी राहिली. मामा डॉक्टर होते. कितीतरी वर्षं त्या मोटारीच्या मागच्या सीटवर शेजाऱ्यांच्या कोंबड्या अंडी घालत. मग मामांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी जिंतूर रोडवरच्या एका मिस्त्रीला बोलावून आणलं आणि म्हणाले, "हिला चालती कर."

मिस्त्रीने वर्षभर खपून ती चालती केली. मिळत नव्हता तो भाग त्याने स्वतः लेथवर कातून घेतला. पंचेचाळिशीचा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. गॅरेज बंद झालं की सायकलवर यायचा, पाय बाहेर ठेवून मोटारीखाली शिरायचा, आणि आत गेल्यावर मात्र तिच्याशी बोलायचा. आम्हाला नुसती पुटपुट ऐकू यायची.

त्याच हिवाळ्यात एका मोठ्या शहरातल्या हौशी लोकांच्या क्लबाने आमच्या जिल्ह्यात जुन्या मोटारींची रात्रीची रॅली ठेवली. परभणीहून जिंतूर, चारठाणा, सेलू, पाथरी, मानवत आणि परत परभणी. ही वेगाची शर्यत नव्हे, वेळेची. प्रत्येक गाडीला एक वही मिळायची. कुठे किती किलोमीटरवर वळायचं त्याचे बाण आणि ठरलेला वेग, एवढंच त्यात. मध्ये मध्ये चौक्या. चौकीवर मिनिटभर लवकर पोचलात तरी गुण कापणार, उशिरा पोचलात तरी कापणार. गाडी चालवणारा एक आणि वही वाचून त्याला वाट सांगणारा एक.

मी तेव्हा कॉलेजात नुकताच गणित शिकवायला लागलो होतो. मामांना म्हणालो, "वही मी वाचणार. हे गणिताचंच काम आहे." मामा चालवणार होते, आणि गाडी बंद पडली तर हाताशी असावा म्हणून मिस्त्री मागच्या सीटवर. त्याने आदल्या दिवशी मोटारीच्या पुढच्या बंपरवर दोन मोठे दिवे बसवले, ट्रकचे. मूळचे दिवे फार मंद होते. नवे दिवे लावले तर समोरच्या लिंबाचं पान न् पान दिसायचं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली होती.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यात जी जाळपोळ झाली, तिला तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. गावोगावच्या दलित वस्त्यांवर रात्रीबेरात्री जमाव गेले होते, घरं पेटवली होती. आमच्या घरी त्या दिवसांत फार तर दूध उशिरा आलं असेल. मी नामांतराच्या बाजूने होतो, स्टाफरूममध्ये तावातावाने बोलायचोही. पण ते सगळं बोलण्यातलं. मिस्त्री कुठल्या समाजाचा ते मला माहीत होतं. त्या दिवसांत त्याच्या गावाकडे काय झालं, हे मात्र मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

रॅली रात्री नऊला सुटली. हैदराबाद आणि कुठून कुठून आलेल्या वीसेक गाड्या, एकेका मिनिटाच्या अंतराने. टोप्या घातलेली माणसं, मफलर गुंडाळलेल्या बायका. आम्ही सातवे. मांडीवर वही, हातात विजेरी, गळ्यात दोरीने बांधलेलं घड्याळ, असा मी मामांच्या शेजारी बसलो होतो. जिंतूरच्या चौकीवर आम्ही ठरल्या मिनिटाला पोचलो. चारठाण्यालाही. तिथल्या पोराने कागदावर शिक्का मारला आणि म्हणाला, "सर, आतापर्यंत तुम्हीच पुढे आहात." मला जे चढलं ते तिथेच चढलं.

चारठाण्याहून सेलूच्या वाटेला लागल्यावर वहीत दोन बाण जवळजवळ होते. पहिला सरळ, दुसरा डावीकडे. मी आकडेमोडीत होतो. सरळचा बाण माझ्या नजरेतून सुटला आणि मी म्हणालो, "मामा, डावीकडे."

मागून मिस्त्री म्हणाला, "सर, ही सेलूची सडक न्हाई. ही गाडीवाट हाय. सेलूचा फाटा अजून म्होरं हाय. मी पाण्याचं इंजान दुरुस्त कराया लय येळा आलाव इकडं."

"मिस्त्री, कागदावर बाण डावीकडे आहे," मी म्हणालो.

"कागदावर असंल, पण..."

"आता बोलू नका. माझा हिशेब चुकतो."

मामांनी गाडी डावीकडे घातली.

वाट अरुंद होत गेली. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला जोंधळा. मागे पाहिलं तर आणखी दोन गाड्या आमच्या उजेडामागे येत होत्या. त्यांना वाटलं असणार, पुढचे वाट जाणून आहेत. मला तेव्हा त्याचाही अभिमान वाटला. मग एकदम जोंधळा संपला आणि आमच्या दिव्यांचा झोत मातीच्या भिंतींवर जाऊन आदळला. सात-आठ घरं. एका भिंतीचा वरचा अर्धा भाग काळा पडलेला, त्यावर नवे कोरे पत्रे. मधल्या अंगणात येऊन वाट संपली होती.

मामांनी कुणीतरी बाहेर यावं म्हणून हॉर्न दाबला. दोनदा, लांब. मागच्या गाड्यांनीही दाबला. मागचे लोक उतरले आणि "रोड किधर है?" म्हणून ओरडायला लागले. त्यांची इंजिनं घरघरत होती.

आधी कुत्री भुंकली. मग पत्रा वाजला, कुठेतरी भांडं पडलं, आणि घरामागून माणसं पळाल्याचा आवाज आला. पुष्कळ माणसं, अनवाणी. जोंधळा सळसळत गेला. एक मूल रडायला लागलं आणि मध्येच थांबलं, कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं. मला खरंच काही कळलं नाही. अंगणात बाजेवर एक म्हातारा तेवढा राहिला होता. त्याला चालता येत नसावं. मी वही घेऊन त्याच्याकडे गेलो आणि विचारलं, "आजोबा, सेलूचा रस्ता कुठला?"

त्याने दिव्यांकडे तोंड करून हात जोडले. "आमी काय केलं न्हाई, मालक. पोरं हितं न्हाईत. घरात कोणी न्हाई. म्या एकलाच हाव. पेटवू नका, मालक."

"अहो, रस्ता विचारतोय," मी जरा वैतागूनच म्हणालो.

"पेटवू नका, मालक."

तेवढ्यात मागचं दार उघडून मिस्त्री उतरला. तो पुढे आला, मामांच्या खिडकीतून आत हात घातला आणि दिवे बंद केले. मग मागच्या गाड्यांकडे वळून ओरडला, "बत्त्या बंद करा आदी! इंजान बंद करा!" इतक्या मोठ्या आवाजात तो बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. अंधार झाला. तो जोंधळ्याच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि त्याने हाक दिली, "जय भीम! मी परभणीचा मिस्त्री हाव. आपलाच हाव. भिऊ नका, मायबापहो. रस्ता चुकलाव आमी. मोटारींची रेस हाय, रेस. दुसरं काय न्हाई."

बराच वेळ काहीच हललं नाही. मग एकेक माणूस बाहेर यायला लागला. बायका, छातीशी मुलं धरलेल्या. एक तरुण पुढे आला, त्याच्या हातात विळा होता. तो मिस्त्रीजवळ गेला, जवळून तोंड पाहिलं आणि विचारलं, "रेस? रातच्याला?"

"हौ."

"कायला?"

मिस्त्री म्हाताऱ्याच्या बाजेपाशी जाऊन बसला, त्याचे जोडलेले हात सोडवून आपल्या हातात घेतले आणि हळू आवाजात काहीतरी सांगत राहिला. मामा खाली मान घालून गाडीला टेकून उभे होते. आणि मी विजेरी घड्याळावर मारली आणि म्हणालो, "मामा, अकरा मिनिटं गेली."

हे मी सगळ्यांच्या देखत म्हणालो. विळेवाल्या तरुणाने माझ्याकडे पाहिलं. त्याने वाट दाखवली, तीही मला नाही, मिस्त्रीला.

पाथरीला आम्ही चहा घेतला, मिस्त्रीने घेतला नाही. मी वहीत डोकं घालून होतो. वाटलं होतं तसं पहिलं बक्षीस गेलं. रॅली पुरी करणारी सर्वांत जुनी गाडी म्हणून एक छोटी ढाल तेवढी आमच्या वाट्याला आली.

इथवर झालं ते अजाणतेपणी झालं, असं म्हणून मी कदाचित स्वतःला सोडलं असतं. पण सकाळी परभणीतल्या एका मंगल कार्यालयात सगळ्यांचा नाश्ता होता आणि क्लबाच्या अध्यक्षांनी सांगितलं, प्रत्येक गाडीने वाटेतली एक गंमत सांगायची. मामा म्हणाले, "तू जा." मी माईकपाशी गेलो.

मी काय केलं ते लिहिताना आजही माझी मान वर होत नाही. मी ती वस्ती गमतीची करून सांगितली. आम्ही कसे रुबाबात डावीकडे वळलो, मागे आणखी दोन शहाणे कसे आले, अख्खं गाव कसं जोंधळ्यात पसार झालं. लोक हसायला लागले. हसणं ऐकलं की वर्गात शिकवणाऱ्या माणसाला जोर चढतो. मी हात जोडले, आवाज थरथरता केला आणि म्हणालो, "पेटवू नका, मालक!" आणि लगेच माझ्या आवाजात, "अहो आजोबा, सेलूचा रस्ता!" लोकांनी टेबलं बडवली. मफलरवाली एक बाई हसून हसून डोळे पुसत होती.

मिस्त्री दारापाशी उपम्याची बशी घेऊन उभा होता. आमच्याबरोबर टेबलावर बसायला त्याला कुणी बोलावलं नव्हतं, मीही नाही. त्याने बशी खिडकीत ठेवली, हात रुमालाला पुसले आणि तो निघून गेला. मी ते पाहिलं. पाहिलं आणि पुढचं वाक्य बोललो, कारण हशा अजून चालू होता.

चार-पाच दिवस मिस्त्री शेडकडे फिरकला नाही. मामा एकदा जेवताना म्हणाले, "तू ते सांगायला नको होतंस. मीही हसलो, मी हसायला नको होतं." मग मी एकटाच त्याच्या गॅरेजवर गेलो. तो एका जीपचं चाक काढत होता. मला बसायला स्टूल दिलं.

"मिस्त्री, माझं चुकलं," मी म्हणालो.

त्याने बोल्ट सैल केला, बाजूला ठेवला. "रस्ता चुकला, सर. त्यो कोणाचाबी चुकतो."

"मी त्या दिवशी माईकवर..."

"हुबेहूब केलं तुमी त्या म्हाताऱ्याला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. "लय हुबेहूब. मला वाटलं, समदे हसायलेत, आपल्यालाबी हसू यावं. न्हाई आलं."

"मला माफ करा."

"मला कायला सांगता? ते माझं घर न्हवतं." मग तो म्हणाला, "माझं दुसऱ्या गावात होतं."

तेवढं बोलून तो पुन्हा चाकाकडे वळला. तेव्हा तरी मी विचारायला हवं होतं, की तुमच्या घराचं काय झालं. नाही विचारलं. उठून आलो. त्यानंतर तो मामांच्या मोटारीला कधी हात लावायला आला नाही आणि मामांनीही दुसरा मिस्त्री बोलावला नाही.

त्या वस्तीवर मी पुन्हा गेलो तो दहाएक वर्षांनी, साक्षरता मोहिमेत. कॉलेजातल्या आम्हा लोकांना गावं वाटून दिली होती, माझ्या यादीत ते गाव निघालं. बदलून घेता आलं असतं. घेतलं नाही, यावेळी सांगून टाकायचं असं मनाशी ठरवून जीपमध्ये बसलो. आता तिथे पक्की वाट झाली होती, विजेचा खांब आला होता. समाजमंदिरात दहा-बारा बायका पाट्या घेऊन बसल्या होत्या. म्हातारा केव्हाच वारला होता.

एक चाळिशीची बाई डाव्या हाताने लिहीत होती. अक्षर वाकडंतिकडं. मी सवयीने म्हणालो, "बाई, उजव्या हाताने लिहा ना, सोपं जाईल."

तिने उजवा हात पदराखालून बाहेर काढला. मनगट वाकडं बसलेलं होतं, बोटं पुरती मिटत नव्हती.

"ह्यो चालत न्हाई, गुरुजी. एकडाव रातच्याला मोटारी आल्त्या वस्तीवर. लेकराला घेऊन पळाले अन् पाटात पडले. लेकरू वर धरलं, हात खाली आला."

शेजारची म्हणाली, "रेस होती म्हनं. वाट चुकले होते बिचारे."

बिचारे, असं म्हणाली ती.

सांगायची वेळ तीच होती. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या, कारण मी काहीच बोलत नव्हतो. मी तिची पाटी हातात घेतली. तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं, एक काना राहिला होता. मी तो काढून दाखवला, पाटी परत दिली. तिने विचारलं, "बरं हाय का, गुरुजी?"

"चांगलं आहे," मी म्हणालो.

नंतर त्या वर्गाला मी सहा वेळा गेलो. सहाही वेळा ती बाई होती. शेवटच्या खेपेला तिने मला चहा करून दिला, डाव्या हाताने. मी तो प्यालो, कपबशी विसळून ठेवली आणि परभणीला निघून आलो.